जाण्याची खूण

एप्रिलात नागपूरला जाऊ नये, असं मला पुण्यात बऱ्याच जणांनी बजावलं. त्यांतल्या एकानेही नागपूर पाहिलेलं नव्हतं, म्हणून मी ते मनावर घेतलं नाही. स्टेशनात उतरले तेव्हा सकाळ होती आणि हवा बरी होती. दुपारी मात्र त्या सगळ्यांची माफी मागावीशी वाटायला लागलं.

माझं काम थोडक्यात सांगते. पुण्यात अंध मुलींची एक निवासी शाळा आहे, तिथल्या वसतिगृहाची मी अधीक्षिका. मी शिकवत नाही. मुली जेवल्या का, झोपल्या का, भांडण कुणी काढलं, एवढं पाहते. येत्या जूनपासून आमच्याकडे दिसतही नाही आणि ऐकूही येत नाही अशा मुलींसाठी एक लहानसा वर्ग सुरू होतोय. असे वर्ग आपल्याकडे फार थोडे आहेत आणि त्यांतल्या जागा त्याहून थोड्या. शेवटच्या जागेसाठी नागपूरच्या एका शिक्षिकेने उमरेडच्या सात वर्षांच्या मुलीचं नाव कळवलं होतं. ती घर सोडून राहू शकेल का, हे पाहून यायचं होतं. मुख्याध्यापिका म्हणाल्या, "तुम्ही हो म्हणालात तर हो. नाही म्हणालात तर दुसऱ्या मुलीला कळवते." त्यांच्या आवाजात एवढा विश्वास होता की मला ते काम टाळता येईना.

बर्डी

सीताबर्डीला इथे सगळे नुसतं बर्डी म्हणतात. माझी सोय तिथल्याच एका महिला वसतिगृहात पाहुण्यांच्या खोलीत केली होती. खिडकीत वाळ्याच्या ताट्यांचा कूलर होता. चालू केला की वास स्वर्गातला आणि आवाज पिठाच्या गिरणीतला.

मला न्यायला सुमन गजभिये आल्या, म्हणजे पत्र पाठवणाऱ्या त्या शिक्षिका. लूनावरून आल्या, आणि डोक्याला-तोंडाला दुपट्टा असा गुंडाळलेला की डोळे तेवढे दिसत होते.

"मॅडम, तुमी पन डोक्याले काही बांधा," हे त्यांचं पहिलं वाक्य. "हे पुन्याचं ऊन नाही."

मी छत्री आणल्याचं सांगितलं. त्यांनी छत्रीकडे सभ्यपणे पाहिलं. व्हरायटी चौकात रस्ता ओलांडताना माझी चप्पल वितळलेल्या डांबरात रुतली आणि पाय तेवढा पुढे गेला. उघडं पाऊल त्या रस्त्यावर टेकलं तेव्हा माझ्या तोंडून निघालेल्या शब्दाला आमच्या वसतिगृहात सक्त मनाई आहे. सुमनबाईंनी चप्पल उपटून दिली आणि समोरच्या दुकानातून मला दुपट्टा घ्यायला लावला. पुढे सगळे दिवस मी डोकं बांधूनच फिरले, आणि छत्री पुण्याहून जशी आणली तशी परत नेली.

सुमनबाई फिरत्या शिक्षिका आहेत. एका शाळेच्या जिन्याखालची खोली हे त्यांचं कार्यालय. तिथे ब्रेलच्या पाट्या, पांढऱ्या काठ्या आणि मुलांनी हाताळून झिजवलेली लाकडी खेळणी आहेत. पण त्या तिथे बसलेल्या क्वचितच सापडतात. गावातल्या साध्या शाळांत इतर मुलांबरोबर बसणारी अंध मुलं त्यांच्याकडे आहेत, आणि शाळेत न जाणारी घरची मुलंही आहेत. त्या त्यांच्या घरी जातात, आणि मुलापेक्षा जास्त वेळ आईशी बोलतात. छप्पन्न साली त्यांच्या घरच्यांनी दीक्षाभूमीवर दीक्षा घेतली तेव्हा त्या आईच्या कडेवर होत्या. "मह्या बाबांनं घरी येऊन पयलं काय केलं असन, त पाटी आनली," त्या तर्रीपोहे खाता खाता म्हणाल्या. पोह्यांवर लाल तर्री ओतून घ्यायची ही इथली न्याहारी. मी तर्री वेगळ्या वाटीत मागितली, त्यावर पोहेवाल्याने माझ्याकडे आजारी माणसाकडे पाहावं तसं पाहिलं.

खापरखेडा

त्यांचं काम कसं चालतं ते पाहावं म्हणून दुसऱ्या दिवशी त्यांच्याबरोबर खापरखेड्याला गेले. वीजकेंद्राच्या वसाहतीत सगळी घरं सारखी, सगळ्या झाडांवर सारखीच राख. तिथला सुनील जन्मापासून अंध आहे, पाचवीत शिकतो आणि गणितात हुशार आहे. पण त्याच्या आईने त्याला आजवर पाण्याचा पेलाही स्वतः भरून घेऊ दिलेला नव्हता. त्या दिवशी सुमनबाईंनी त्याला पाहुण्यांसाठी लिंबाचं सरबत करायला सांगितलं.

"सांडवन न बाई तो," आई कळवळून म्हणाली.

"सांडू द्या. फरशी पुसता येते," सुमनबाई म्हणाल्या आणि गप्पा मारायच्या निमित्ताने त्यांनी त्या माउलीचा हात घट्ट धरून ठेवला. सरबत सांडलं नाही. साखरेच्या जागी मीठ मात्र सढळ हाताने पडलं होतं. मी ते सगळं प्यायले आणि छान झालंय म्हटलं. सुमनबाईंनी एक घोट घेऊन त्याला चव पाहायला लावली. तो तोंड वाकडं करून स्वतःच हसत सुटला. माझ्या खोट्यापेक्षा तो घोट त्याला जास्त उपयोगी पडला असावा.

परतताना आमचा थोडा वाद झाला. मी म्हटलं, आमच्याकडे मुली सहाव्या वर्षी येतात आणि वर्षभरात स्वतःचं सगळं करायला लागतात.

"करतात. आनि सुट्टीत घरी आल्या का पाहुन्यावानी राहतात," त्या म्हणाल्या.

"मग उमरेडची मुलगी आमच्याकडे काहून पाठवताय?" त्यांचा 'काहून' माझ्या तोंडात कधी आला ते मला कळलं नाही.

त्या हसल्या, पण उत्तर सरळ दिलं. "कारन तिले मी पुरत नाही. आठवड्यातून एकदा जाते मी उमरेडले. बाकीचे दिवस तिच्याशी कोन बोलन? असं पोर रोज शिकलं पायजे, दिवसभर शिकलं पायजे. नाही त जेवढं आलं तेवढंही जाते."

उमरेड

उमरेडला आम्ही एसटीने गेलो. वाटेत कोळशाचे ट्रक आडवे येत होते आणि उतरेपर्यंत माझा नवा दुपट्टा काळपट झाला होता. राहायचं सुमनबाईंच्या मावशीकडे होतं. मुलीच्या घरचे, पराते, विणकर. घर कवेलूचं, म्हणजे कौलारू, आणि पुढच्या खोलीत जमिनीत खड्डा करून बसवलेला हातमाग. घरात तिघंच: भाऊराव, त्यांची बायको कौसल्याबाई आणि रेखा. पोटात असताना आईला ताप येऊन अंगावर पुरळ उठलं होतं, एवढंच कारण डॉक्टरांनी सांगितलं होतं. रेखाला उजेड-अंधार कळतो, त्यापलीकडे काही दिसत नाही. ऐकू तर मुळीच येत नाही.

आपलं नाव तिने कधी ऐकलेलं नाही. तिचं नाव म्हणजे हनुवटीखाली टेकवलेली दोन बोटं. आईचं नाव बांगड्या, बापाचं नाव सुताची कांडी, सुमनबाईंचं नाव त्यांचं जाडजूड घड्याळ. मी समोर बसले तेव्हा तिने माझा चेहरा चाचपला, चष्मा काढून घेतला, त्याचा वास घेतला, एक काच चाटून पाहिली आणि उलटा करून स्वतःच्या नाकावर ठेवला. मग माझ्या नाकावर, चष्म्याने जिथे खळगा पडलाय तिथे, बोट ठेवलं. "झालं तुमचं बारसं," सुमनबाई म्हणाल्या. एवढ्या मोठ्या वयात मला नवं नाव मिळेल असं वाटलं नव्हतं. मला ते आवडलं.

मी आपलं काम सुरू केलं. रेखा हात धुते, स्वतःच्या हाताने जेवते, परसात एकटी जाऊन येते. बाप विणायला बसला की मागाच्या खांबाला तळहात लावून बसते. ठोके थांबले की तो उठला हे तिला कळतं. हातात चमचा दिला की जेवण, लोटा दिला की अंघोळ. आमच्या वसतिगृहात नव्या आलेल्या, चांगल्या ऐकू येणाऱ्या मुलींनाही यातलं निम्मं येत नाही. तासाभरात माझ्या मनात 'हो' ठरलं होतं.

तेवढ्यात भाऊराव विणलेल्या साड्यांचं गाठोडं घेऊन नागपूरच्या एसटीला निघाले. त्यांनी कांडी रेखाच्या हातात दिली, मग तिचा हात धरून आपल्या छातीकडे ओढला, आणि "येतो" म्हणून गेले. रेखा उठली आणि उंबऱ्यावर जाऊन बसली.

दुपारी पानं वाढली. बेसनाच्या पाटोड्या, वर सावजी रस्सा, आणि हाताइतक्या लांब पोळ्या. कौसल्याबाईंनी माझ्यासाठी तिखट "कमी" घातलं होतं. पहिल्या घासाला माझ्या डोळ्यांतून पाणी आलं, दुसऱ्याला कानातून वाफ निघाल्यासारखं झालं. मी गूळ मागून घेतला आणि तरीही पुन्हा रस्सा घेतला, कारण चव सोडवत नव्हती. या सगळ्या गमतीत मला उशिरा लक्षात आलं की रेखा पानावर नाही. आईने दोनदा चमचा तिच्या हातात दिला, तिने दोनदा तो खाली ठेवला. उंबऱ्यावर बसून ती मागेपुढे झुलत होती.

"बाप येईपर्यंत खात नाही ते," कौसल्याबाई म्हणाल्या. "असंच करते दर येळी."

बाप दिवेलागणीला आला. तोवर ती उठली नाही, पाणीसुद्धा प्यायली नाही. मी मुलींच्या वसतिगृहात आयुष्य काढलंय. जेवणावरचा रुसवा मला नवा नाही. हा रुसवा नव्हता. ती वाट पाहत होती, आणि तिला कुणी सांगितलं होतं म्हणून पाहत होती.

भाऊरावांनी निघताना केलेली खूण मी सुमनबाईंना विचारली. छातीकडे ओढलेला हात म्हणजे काय?

"ये," त्या म्हणाल्या. "येते, आला, सगळं तेच."

"आणि 'गेला' कसं सांगतात?"

सुमनबाईंनी माझा तळहात उताणा केला आणि त्यावरून आपला हात मनगटापासून बोटांच्या टोकांपर्यंत फिरवून पलीकडे हवेत सोडून दिला. "हे शिकवलं मी. दोन वर्सं झाले. पन घरातलं कोनी करत नाही."

कौसल्याबाई चुलीशी होत्या. तिथूनच म्हणाल्या, "काहून करू जी? निंगनाऱ्या मानसाले कोनी 'जाते' म्हनते का? बरं नाही ते. येतो म्हनूनच निंगा लागते."

आम्ही पुण्यातही 'येते' म्हणूनच बाहेर पडतो, त्यामुळे मला हसता येईना. चूक समजून घ्यायलाही एक क्षण लागला. घरातून निघणारा प्रत्येक जण तोंडाने म्हणतो तेच या लोकांनी इमानेइतबारे हातानेही सांगितलं होतं. ज्याला दिसतं-ऐकू येतं त्याला आवाजावरून, पाठीवरच्या गाठोड्यावरून कळतं की हा चालला. रेखाला फक्त हात कळत होता, आणि हात सांगत होता: आलो. बापाचं एक वेळ ठीक, तो संध्याकाळी येतो. मागच्या दिवाळीला रेखाची मावशी असाच हात छातीकडे ओढून सासरी गेली, आणि रेखा कितीतरी दिवस उंबऱ्यावर बसायची.

मी तेव्हा जे बोलले ते कडक होतं, पण दुसरं बोलता येत नव्हतं. "कौसल्याबाई, जूनमध्ये तुम्ही हिला आमच्याकडे सोडाल, हात छातीकडे ओढाल आणि 'येते' म्हणून स्टेशनवर जाल. ही आमच्या दारात बसेल. जेवणार नाही. इतर मुली रडल्या तर दिवाळीला घरी जायचंय म्हणून मी समजावते. हिला काय सांगू, आणि कशाने? असं असेल तर मला नाही म्हणावं लागेल."

भाऊराव खाली पाहत म्हणाले, "मले त तिनं शिकाव वाटते, बाई." कौसल्याबाईंनी चुलीतलं लाकूड मागे ओढलं. मग म्हणाल्या, "मले का वाटत नाही? मी मेल्यावर हिच्याशी कोन बोलन, ह्याच धाकानं झोप नाही येत. पन तो शबूद मह्या हातून निंगत नाही, बाई. लेकराच्या बापाले 'गेला' म्हनू?"

मला वाईट वाटलं. नियम म्हणून नव्हे, खरंच वाईट वाटलं.

उपाय सुमनबाईंनी काढला. त्या रात्रभर विचार करून आल्या असाव्यात, कारण सकाळी चहाचा कप हातात घेण्याआधीच म्हणाल्या, "भाभी, तोंडानं काय म्हनायचं ते म्हना न. येतो म्हना, लवकर येतो म्हना, देवाचं नाव घ्या. तिले ते ऐकू येत नाही. हातानं तेवढं खरं सांगा. देव तोंडाचं ऐकते, पोरगी हाताचं ऐकते."

कौसल्याबाई आधी त्यांच्याकडे बघत राहिल्या. मग पदर तोंडाला लावून हसायला लागल्या. "तोंडानं एक आनि हातानं एक? हे त आमच्या शेजारनीले चांगलं जमन." पण हात पुसून त्या लेकीसमोर बसल्या.

पहिल्यांदा त्यांनी बांगड्या रेखाच्या बोटांना लावल्या, तिच्या तळहातावरून आपला हात फिरवला, आणि ओठांतल्या ओठांत "येते वं, येते वं" असं पुटपुटत परसात गेल्या. खूण करताना त्यांचा हात मध्येच थबकला होता, तो सुमनबाईंनी खालून धरून पुढे नेला. परसातून लगेच परत आल्या, बांगड्या लावल्या, हात छातीकडे ओढला. रेखाला काहीच कळलं नाही. ती आईच्या पदराला धरून बसली. मग आई विहिरीपर्यंत गेली आणि आली. मग वाण्याकडे गेली आणि आली. एकदा रेखा किंचाळली, एकदा तिने सुमनबाईंना कडकडून चावा घेतला. सुमनबाईंनी दंड चोळला आणि म्हणाल्या, "चला, पुन्हा." शेजारणी दारात गोळा झाल्या होत्या. कौसल्याबाई दर वेळी निघताना तोंडाने काय काय म्हणत होत्या ते ऐकून सगळ्या जणी हसून बेजार झाल्या, आणि संध्याकाळपर्यंत त्यांतल्या दोघी रेखाच्या तळहातावर ती खूण करून मगच आपापल्या घरी गेल्या.

भाऊरावांना कच्चं सूत आणायला पुन्हा नागपूरला जायचं होतं. मी एक दिवस मुक्काम वाढवला. निघताना त्यांनी कांडी दिली, मुलीचा तळहात उताणा केला आणि त्यावरून हात फिरवला. इतका हलकेच की मला वाटलं, तिला लागला तरी का? "येतो," ते म्हणाले आणि मागे न पाहता गेले. रेखा उंबऱ्यावर जाऊन बसली. दुपारी आईने चमचा हातात दिला. रेखाने तो मांडीवर ठेवला. मग दुसऱ्या हाताने मुठीतल्या कांडीवरून आपलीच बोटं फिरवली आणि हवेत सोडून दिली. बाप, गेला. आई ताट उंबऱ्यावरच घेऊन आली. तिथेच बसून, कांडी मुठीत ठेवून, ती भात जेवली.

कौसल्याबाई रडल्या. मी बाहेर जाऊन विहिरीपाशी उभी राहिले, कारण अधीक्षिकेने रडावं असा काही संकेत नाही.

दुसऱ्या दिवशी आम्हाला परत फिरायचं होतं. नागपूरकडच्या घरातून निघणं सोपं नसतं. निघते म्हटलं की चहा, उठलं की कुंकू, चपला घातल्या की सांडग्यांची पुरचुंडी. भाऊराव मागावरून उठून आले, शेजारणी आल्या. मी सगळ्यांना "येते" म्हटलं आणि रेखासमोर बसले. तिने माझ्या नाकावर बोट ठेवलं. मी तिचा तळहात उताणा केला आणि त्यावरून हात फिरवून हवेत सोडला.

ती थांबली. मग तिने माझं मनगट शोधून धरलं आणि माझा हात आपल्या छातीकडे ओढला. दोनदा ओढला. ही मागणी होती की प्रश्न, ते मला माहीत नाही. पण मी आता उंबऱ्यावर बसणाऱ्या मुलीला खोटं सांगू शकत नव्हते. मी उमरेडला पुन्हा येणार नव्हते. मी तिच्या हनुवटीखाली दोन बोटं टेकवली, आणि तिचा हात माझ्या छातीकडे ओढला.

"काय सांगतलं जी तिले?" कौसल्याबाईंनी विचारलं.

"जूनमध्ये तू ये म्हटलं."

मुख्याध्यापिकांच्या आधी ते रेखाला कळलं. किती कळलं ते सांगता येत नाही. भाऊरावांनी हात जोडले. कौसल्याबाईंचा चेहरा उजळला आणि लगेच उतरला. त्या लेकीजवळ जमिनीवर बसल्या. "जून येईपर्यंत तिले रोज सांगा लागन न, बाई," त्या म्हणाल्या. "आतापासूनच लागते मी."

त्यांनी रेखाच्या हनुवटीखाली दोन बोटं टेकवली. तिचा तळहात उताणा केला, आणि त्यावरून आपला हात मनगटापासून बोटांच्या टोकांपर्यंत नेऊन हवेत सोडला. या वेळी हात मध्ये थबकला नाही, कुणाला खालून धरावा लागला नाही.

आणि तोंडाने म्हणाल्या, "येजो वं माय. लवकर येजो."